चार मायक्रॉनचा थेंब

नेब्युलायझरमध्ये टाकायच्या औषधाची प्लास्टिकची कुपी अडीच मिलिलिटरची असते. चहाचा अर्धा चमचा. तिचं डोकं पिळून तोडायचं, औषध कपात ओतायचं, नळी जोडायची आणि बटण दाबायचं. पुढच्या दहा मिनिटांत त्या अर्ध्या चमच्याचं धुकं होतं. या धुक्यातला थेंब सरासरी चार मायक्रॉनचा धरू, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतका. अडीच मिलिलिटरचे असे थेंब करायचे तर ते साडेसात हजार कोटी भरतात. अर्ध्या चमच्यात मावणाऱ्या त्या औषधाचा पृष्ठभाग आता जवळपास चार चौरस मीटर झालेला असतो.

हे सगळं घडतं यावल तालुक्यातल्या एखाद्या घरात, खाटेवर उशांना टेकून बसलेल्या एका माणसासाठी. त्याचा आजार आता बरा होणार नाही हे घरच्यांना कळलेलं असतं. मोठ्या दवाखान्यातून घरी आणलेलं असतं. तो फार काही मागत नाही. 'दम लागस' एवढंच म्हणतो, आणि तेही दोन श्वासांत तोडून. मग मुलगा जळगावला किंवा धुळ्याला मेडिकलवर जातो आणि विचारतो, यांच्यासाठी वापरायला सोपं असं कोणतं मशीन आहे?

या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की हवेचं, पाण्याचं आणि माणसाच्या छातीचं जे विज्ञान समोर येतं ते थक्क करणारं आहे. आणि त्या विज्ञानातूनच उत्तरही मिळतं.

मरणपंथाला लागलेल्या रुग्णाची वेदना कमी करण्यासाठी वेगळी जागा असावी हा विचार आधुनिक काळात उभा केला डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी, 1967 मध्ये, लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालं, शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. खानदेशात मात्र बहुतेकांचं हॉस्पिस म्हणजे घरातली पुढची खोली, आणि नर्स म्हणजे बायको, सून किंवा नात. म्हणून मशीन निवडताना ते चालवणारा हात कुणाचा आहे, हे आधी बघायला लागतं.

आता थेंबाकडे येऊ. खानदेशातल्या शेतकऱ्याला थेंबाचा आकार शिकवावा लागत नाही. कपाशीवर फवारणी करताना नोझल चुकीचं लावलं तर काय होतं हे त्याने पाहिलेलं असतं. थेंब जाड पडले तर पानावरून ओघळून मातीत जातात, आणि फारच बारीक झाले तर वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या शेतात जातात. पानाच्या खालच्या बाजूला बसलेल्या किडीपर्यंत पोचायचं तर मधला आकार साधावा लागतो. छातीत नेमकं हेच आहे. दहा मायक्रॉनहून मोठा थेंब वळण घेऊ शकत नाही. घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि गिळला जातो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा थेंब इतका हलका की आत जाऊन तसाच उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. एक ते पाच मायक्रॉनच्या थेंबांना मात्र आतपर्यंतची वाट सापडते.

आणि वाट तरी कशी! श्वासनलिका दोन सेंटिमीटरहून थोडी कमी रुंद. तिला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, असे साधारण तेवीस वेळा. शेवटी वायुकोश लागतात. ते तीस ते पन्नास कोटी असतात आणि प्रत्येक जण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. सगळे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा लागेल. बरगड्यांच्या आत एवढं सगळं घडी घालून ठेवलेलं आहे आणि आपण दिवसातून वीसएक हजार वेळा ते भरतो आणि रिकामं करतो, बहुतेकदा लक्षही न देता. लक्ष जातं ते यातलं काही बिघडलं की.

चार मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला अर्धा मिलिमीटर या वेगाने खाली येतो. एक मीटर उतरायला त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल. पण छातीच्या टोकाच्या नळ्या मिलिमीटरभरही रुंद नसतात, त्यामुळे तिथे पोचल्यावर एक-दोन सेकंदांत तो भिंतीवर टेकतो. हळू श्वास घेऊन क्षणभर थांबायला सांगतात ते याच एक-दोन सेकंदांसाठी. धापा टाकणाऱ्या माणसाला ते जमत नाही, आणि 'थांबा, थांबा' म्हणून त्याला दटावूही नये. त्याच्याऐवजी मशीनने जमवून घ्यायचं असतं.

मेडिकलवर सर्वात जास्त खपतं ते कॉम्प्रेसरवालं नेब्युलायझर. डब्यात छोटा पंप असतो. तो हवा दाबून नळीतून कपाच्या तळाशी पाठवतो. तिथे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून हवा इतक्या वेगाने सुटते की तिच्या बाजूचा दाब पडतो, औषध आपोआप वर ओढलं जातं आणि त्या झोतात फुटतं. पहिल्या फटक्यात फुटलेले बहुतेक थेंब जाडच असतात. कपात त्यांच्या वाटेत मुद्दाम एक अडथळा ठेवलेला असतो. जाड थेंब त्यावर आदळून परत खाली पडतात, पुन्हा ओढले जातात, पुन्हा फुटतात. बारीक झालेले तेवढेच अडथळ्याला वळसा घालून मास्ककडे जातात. म्हणजे छातीत जी निवड होणार तीच आधी कपात करून घेतलेली असते. कुठलीही चाळणी नाही, हलणारा भाग नाही, फक्त हवेचा वेग आणि एक प्लास्टिकची खुंटी.

भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा दुपारी चालू नेब्युलायझरच्या कपाला बोट लावून पाहा. कप गार लागतो. थेंबांतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे आतलं औषध खोलीपेक्षा बरंच थंड होतं. लोक याला वाफेचं मशीन म्हणतात, पण यात वाफ नाही. हे थंड धुकं आहे. एवढं सांगायचं कारण असं की दोन-तीनशे रुपयांना मिळणारं पाणी उकळून वाफ देणारं यंत्रही दुकानात याच नावाने मागितलं जातं, आणि काही घरांत दम्याच्या औषधाची कुपी त्या उकळत्या पाण्यात ओतली जाते. सॅल्ब्युटामॉलसारखं औषध पाण्याबरोबर उडत नाही. पाणी उडून जातं, औषध तळाशी राहतं. रुग्णाला मिळते ती नुसती गरम वाफ.

ती वाफही नाकाला आणि घशाला ओलावा देण्यापलीकडे फार खोल जात नाही. वाटेतच तिचं पाणी होतं. सर्दीत बरं वाटतं ते खरं आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाच्या मांडीवर उकळत्या पाण्याचं भांडं नको. कोविडच्या पहिल्या लाटेत वाफ घेताना मुलं भाजल्याचं प्रमाण एकदम वाढल्याची नोंद इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी केली होती. अशक्त म्हाताऱ्या माणसाची कातडी लहान मुलासारखीच पातळ असते. त्याच्यासाठी वाफेचं यंत्र नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेसरला दोन गोष्टी लागतात, वीज आणि सरळ उभा कप. माणूस पूर्ण आडवा असेल तर कप कलंडतो आणि धुकं थांबतं, म्हणून पाठीमागे उशा किंवा गुंडाळलेली गोधडी लावून अर्धं बसवावं. लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर तो चालतो. आवाज मात्र मोठा असतो, आणि एका खोलीच्या घरात रात्री तीन वाजता सुरू केला की सगळं घर जागं होतं.

वीज आणि आवाज, या दोन्ही अडचणींवरचा उपाय 1880 सालच्या एका शोधातून निघाला. पॅरिसमध्ये पिएर आणि जॅक क्युरी या भावांना दिसलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. पुढे उलटंही खरं निघालं, म्हणजे वीज दिली की स्फटिक आकसतो आणि फुगतो. आजच्या मेश नेब्युलायझरमध्ये अशाच पदार्थाची एक चकती सेकंदाला लाखाहून जास्त वेळा थरथरते. तिच्यावर एक पातळ जाळी असते, एक ते काही हजार छिद्रांची, आणि प्रत्येक छिद्र दोन-चार मायक्रॉनचं. प्रत्येक थरथरीला त्या छिद्रांतून औषध थेंब होऊन बाहेर पडतं. आवाज नाही, सेलवर किंवा मोबाईलच्या चार्जरवर चालतं, मुठीत मावतं, कपात औषधही फारसं उरत नाही. साध्या कॉम्प्रेसरच्या कपात मात्र शेवटी मिलिलिटरभर औषध तसंच राहतं, आणि टाकलेल्या औषधापैकी छातीत पोचतं ते साधारण दहावा हिस्सा.

मग मेशच घ्यावं का? पैसे असतील आणि घरात ते जपणारं कुणी असेल तर जरूर घ्यावं. पण ती जाळी नाजूक असते. बुडेसोनाइडसारखं गढूळ औषध तिच्यात वाळलं की छिद्रं बुजतात. दर वेळी धुवावी लागते, आणि बोटाने पुसली की फाटते. कॉम्प्रेसर आडमुठा आणि दणकट आहे, वर्षानुवर्षं चालतो. त्याच्या एका गोष्टीकडे मात्र खानदेशात फार कमी लक्ष जातं. डब्याला बाजूने एक छोटी खाच असते, तिच्यात बोटाच्या पेराएवढा पांढरा फिल्टर असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच रचून ठेवलेला असतो, आणि रुग्णाची खाट बहुतेकदा त्याच खोलीत. महिन्याभरात तो फिल्टर काढून पाहा, करडा झालेला असतो, आणि कडेला तंतूंची बारीक लव चिकटलेली. पंप जी हवा ओढतो ती त्यातूनच रुग्णाच्या छातीकडे जाते. फिल्टर काही रुपयांना मिळतो. तो बदलावा, आणि जमलं तर कापूस एका खोलीत आणि माणूस दुसऱ्या.

आता त्या कुपीत काय आहे ते बघू, कारण ती गोष्ट आपल्या रस्त्याच्या कडेची आहे.

दम लागलेल्यांना जी औषधं धुक्यातून देतात त्यांतलं एक इप्राट्रोपियम. सॅल्ब्युटामॉलच्या कुळातल्या औषधाबरोबर ते एकाच कुपीत येतं. या औषधाचं मूळ धोतऱ्यात आहे. तोच धोतरा, पांझरेच्या काठी उकिरड्यावर उगवणारा, महादेवाला वाहिला जाणारा, काटेरी फळाचा. धूर ओढून खोकला आणि दमा हलका करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत धूमपानाचा विचार आलेला आहे. 1802 च्या सुमारास मद्रासमध्ये असलेल्या जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला धोतऱ्याची मुळं वाळवून ओढण्याचा हा उपाय कळला आणि त्याच्यामार्फत तो ब्रिटनला पोचला. पुढची शंभर वर्षं युरोपात दम्यासाठी धोतऱ्याच्या कुळातल्या पानांच्या सिगारेटी विकल्या गेल्या.

धोतऱ्यातलं ॲट्रोपिन श्वासनळीभोवती आवळलेला स्नायू सैल करतं. पण ते रक्तात आणि मेंदूत शिरतं आणि माणसाला भ्रम होतो. धोतरा खाल्लेला माणूस बरळतो, कधी मरतोही. मग जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ॲट्रोपिनच्या रेणूतल्या नायट्रोजनला आणखी एक छोटी साखळी जोडली. त्यामुळे रेणूवर कायमचा विद्युतभार आला. भार असलेला रेणू पेशींच्या तेलकट पडद्यातून सहज आरपार जाऊ शकत नाही, म्हणून तो श्वासनळीत पडला की तिथेच काम करतो, मेंदूपर्यंत पोचत नाही. विषातून विषारीपणा काढायला एवढासा बदल पुरला. (हे वाचून कुणी धोतऱ्याची पानं जाळू नयेत. पानागणिक विषाचं प्रमाण बदलतं आणि जिवाशी खेळ होतो.) डोळ्यांना मात्र हे औषध अजूनही बाधतं. मास्क सैल असेल आणि धुकं डोळ्यांत गेलं तर काचबिंदू असलेल्या माणसाचा डोळा अचानक दुखू लागतो. अशांना मास्कऐवजी तोंडात धरायची नळी द्यावी, किंवा मास्क नाकावर नीट बसवावा.

मास्क नीट बसणं याला एरवीही महत्त्व आहे. रुग्णाला मास्क घुसमटवतो, तो मास्क ढकलतो, आणि घरचे मायेने तो चेहऱ्यापासून चार बोटं लांब धरतात. खानदेशच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत चार मायक्रॉनचा थेंब त्या चार बोटांच्या अंतरातच सुकून आकसायला लागतो आणि पंख्याच्या वाऱ्यावर निघून जातो. औषध छताला मिळतं. मास्क सहन होत नसेल तर रुग्णाचा स्वतःचा हात मास्कवर ठेवा आणि तुमचा हात त्याच्या हातावर. हवं तेव्हा काढता येईल हे कळलं की माणूस पुष्कळदा लावून घेतो.

पण मशीनच लागतं का? दमाग्रस्त लोकांवर केलेल्या अनेक चाचण्यांत आढळलं की पंपाचा इनहेलर स्पेसरमधून घेतला तर नेब्युलायझरइतकाच गुण येतो. या पंपाची जन्मकथा गोड आहे. 1955 साली अमेरिकेत रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तिने वडिलांना विचारलं की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का येत नाही? पुढच्याच वर्षी पहिला मोजून फवारा देणारा इनहेलर बाजारात आला. त्याची झडप अत्तराच्या बाटल्यांसाठी बनवलेल्या झडपेवर आधारलेली होती.

या पंपातून फवारा मोटारीच्या वेगाने सुटतो. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमलं नाही तर सगळं घशात. शेवटच्या आजारातल्या माणसाला ते जमणारच नाही. स्पेसर, म्हणजे मध्ये लावायची पोकळ प्लास्टिकची नळकांडी, हा फवारा थोपवून ठेवते. वेग मरतो, थेंब बारीक होतात, जाड थेंब भिंतीला चिकटतात, आणि रुग्ण आपल्या गतीने पाच-सहा साधे श्वास घेऊन तो ओढून घेतो. त्याला मास्क जोडला की झोपलेल्या माणसालाही देता येतो. वीज नाही, आवाज नाही, औषध ओतायची खटपट नाही. 1999 मध्ये केपटाऊनमधल्या हेदर झार यांनी लॅन्सेटमध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरची साधी प्लास्टिकची बाटली तळाला भोक पाडून, पंपाच्या तोंडाशी घट्ट बसवली तरी दमेकरी मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच गुण येतो. आफ्रिकेतल्या गरीब दवाखान्यांसाठी केलेलं ते काम साक्री-शिरपूरच्या पाड्यांनाही तितकंच लागू आहे.

एक उपकरण मात्र या अवस्थेत बाजूला ठेवावं. गोळीसारखी कॅप्सूल घालून भुकटी ओढायचं यंत्र वर्षानुवर्षं आपल्याकडे स्वस्त म्हणून दिलं जातं आणि धडधाकट माणसाला ते चालतंही. पण त्यात भुकटी फोडून उडवायची ताकद रुग्णाच्या श्वासातूनच यावी लागते. जोरात, एका दमात ओढावं लागतं. ज्याला वाक्य पुरं करता येत नाही तो ते कसं ओढणार? कॅप्सूल उघडून बघा, अर्धी भरलेली सापडेल. घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. औषध पोचलेलंच नसतं.

खरेदीआधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारायलाच हवी. दम कशामुळे लागतोय? श्वासनळ्या आवळल्या असतील, छातीत शिट्टी वाजत असेल, वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने किंवा बिडीने फुप्फुसं गेली असतील, तर ही धुक्याची औषधं आराम देतात. दम छातीत पाणी झाल्याने, गाठीने, रक्त कमी झाल्याने किंवा हृदय थकल्याने लागत असेल तर तेच औषध फक्त हृदयाची धडधड वाढवतं. मग मशीन घरात असल्याचं समाधान घरच्यांना मिळतं आणि रुग्णाला काहीच मिळत नाही.

अशा वेळी जे उपयोगी पडतं ते ऐकून विश्वास बसत नाही इतकं साधं आहे. पंखा. इंग्लंडमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दम लागणाऱ्या पन्नास जणांना हातात धरायचा छोटा पंखा दिला. पाच मिनिटं चेहऱ्यावर वारा घेतला आणि पाच मिनिटं पायावर. चेहऱ्यावर घेतल्यावर दम कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं, पायावर घेतल्यावर तसं झालं नाही. गाल आणि नाकाभोवतीची कातडी एका मोठ्या चेताशिरेशी जोडलेली आहे. तिथे गार वारा लागला की मेंदूला खबर जाते की हवा येते आहे, आणि दमाची भावना ओसरते. रक्तातला ऑक्सिजन तेवढाच असतो. धुणं धुवून ओल्या हाताने सासऱ्याच्या तोंडावर पदराने वारा घालणारी सून नकळत त्याच चेताशिरेवर उपचार करत असते.

याच्या उलट, लोक कर्ज काढून ऑक्सिजनचं मशीन आणतात. 2010 मध्येच लॅन्सेटमध्ये ॲमी ॲबरनेथी यांच्या गटाची चाचणी आली. तिच्यात 239 रुग्ण होते, सगळे दमाने बेजार पण रक्तातला ऑक्सिजन फार न उतरलेले. निम्म्यांना नाकातून ऑक्सिजन, निम्म्यांना त्याच नळीतून साधी हवा. दोघांनाही सारखाच आराम पडला. ज्यांचा ऑक्सिजन खरंच खाली आहे त्यांना तो हवाच. पण बोटावरच्या मशीनवर आकडा ठीक असताना दम लागतोय म्हणून हजारो रुपये घालण्याआधी खिडकी उघडा, खाट तिच्याजवळ न्या, कूलरचा किंवा टेबल फॅनचा वारा गालांवर येऊ द्या.

आणि मॉर्फिन. फार थोड्या मात्रेत पोटातून दिलेलं मॉर्फिन, वेळापत्रकाने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दमाची घुसमट कमी करू शकतं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं इतकं कठीण झालं होतं की कर्करोगाचे रुग्ण कळवळत मरत. 2014 मध्ये कायदा बदलला, मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. त्याहून दोन वर्षं आधी, 2012 मध्ये, राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आखला गेला होता. मॉर्फिनचं धुकं करून दिलं तर जास्त लागू पडेल असं काहींना वाटलं, तेही तपासून झालं आहे. त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. इथे साधी गोळी किंवा पातळ औषधच बरं.

परदेशात 'रुग्णासाठी व्हेपोरायझर' म्हटलं की गांजा न जाळता तापवून त्याची वाफ घेण्याचं यंत्र समजतात. कॅनडात 2001 पासून औषध म्हणून गांजाला परवानगी आहे. आपल्याकडे गांजा कायद्याने बंद आहे आणि ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. दमावर त्याचा उपयोग होतो असंही दिसलेलं नाही. तेव्हा इंटरनेटवर बघून तसलं काही मागवू नका.

सर्वात शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू होते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, पण तोवर रुग्णाची शुद्ध बहुतेक हरपलेली असते. त्या घरघरीला नेब्युलायझर लावू नये. कुशीवर वळवावं, ओठ ओल्या कापसाने पुसावेत. गरज पडली तर डॉक्टर लाळ आटवणारं इंजेक्शन देतात. त्यातलं एक औषध, हायोसिन, तेही धोतऱ्याच्याच कुळातलं.

पुढे ते मशीन माळ्यावर जातं. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणीतरी खोक्यात भरून ठेवतं आणि ते पुन्हा उघडावंसं कुणालाच वाटत नाही. खानदेशात अशी किती मशीनं माळ्यावर पडून असतील! ती खाली काढा. कप, नळी आणि मास्क टाकून द्या, ते एकाच माणसाचे असतात. पंपाचा डबा ओल्या फडक्याने पुसा, फिल्टर नवा घाला, पाच मिनिटं चालवून बघा. मग गावातल्या आशाताईंना किंवा तालुक्याच्या डॉक्टरांना सांगा की आमच्याकडे मशीन आहे, कुणाला लागत असेल तर न्या. नवी नळी आणि मास्क दोनशे रुपयांच्या आसपास मिळतात. पलीकडच्या गल्लीत कुणाला तरी आजच दम लागलेला असेल.